कोंडाईनं दोनदा लावलेलं चाक

घाटात अजून डांबर पडलं नव्हतं आणि मोटार वर आली की बाया तव्यावरची भाकरी सोडून बघायला यायच्या, त्या काळातली ही गोष्ट. घाटमाथ्यावरच्या खिरवडीत कोंडाई नावाची लोहारीण राहायची. नवरा गेल्यावर भाता तिनंच ओढला. तिनं चाकांना लोखंडी धाव चढवलेली बैलगाडी झोपलेल्या गाडीवानालाही नीट घरी आणायची, असं म्हणतात. मोटारीला मात्र तिचा हात कधी लागला नव्हता.

एका सकाळी धनगरवाड्यातली ठकू अडली. मूल आडवं आलं होतं. खालून आठल्ये डॉक्टर आपली टपाची मोटार घेऊन आले. कुठल्याशा संस्थानातून आलेली ती गाडी तेव्हाच म्हातारी झाली होती. ठकूला तपासून ते म्हणाले, हिला दुपार ढळायच्या आत तालुक्याला नेलं तरच दोन्ही जीव वाचतील. डोलीनं उतरायचं तर अख्खा दिवस गेला असता.

ठकूला आत निजवून गाडी वेशीपर्यंत आली आणि मागून बंदुकीसारखा बार झाला. मागचं ओझं पेलणारी डावी कमान तुटली होती. कमानीचा पाटा मोडला, तसा मागचा आस सरकला आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालू लागली. अशी घाटात घातली तर मागची चाकं दरीत जातील, डॉक्टर म्हणाले. मग सगळे कोंडाईकडे बघू लागले.

 ठकूला झाडाखाली घोंगडीवर निजवून कोंडाईनं गाडीखाली ओंडके सारले. तिच्या छपरात मोडक्या टांग्याची कमान पडून होती. तिचा पाटा तिनं भट्टीत लाल केला, ठोकून वाकवला, करंजाच्या तेलात विझवला. उन्हं डोक्यावर आली तेव्हा कमान जागेवर बसली.

मग तिनं मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणली, आणि डोळा लावून बघत राहिली. उजवीकडे दोरी दोन्ही चाकांच्या पुढच्या-मागच्या कडांना, चारी ठिकाणी टेकली. डावीकडे पुढं तिळाएवढी फट राहिली, म्हणजे आस अजून तिरका होता. कोंडाईनं पाना घेतला आणि सगळं पुन्हा ढिलं केलं.

ठकूचा नवरा बिरू पुढं आला. त्याच्या हातात कुऱ्हाड होती.

"बस झालं. सोड गाडी," तो म्हणाला.

कोंडाई उठली नाही. "हितं तीळ हाय, बिरू. पाचव्या वळणावर त्याचा हातभर फरक हुईल."

कुऱ्हाड वर गेली. तेवढ्यात झाडाखालून ठकूचा आवाज आला, अगदी बारीक. "करू द्या तिला. तवर मी कळ काढते."

बिरू कुऱ्हाड टाकून खाली बसला.  कोंडाईनं आस केसभर सरकवला, आवळला, दोरी लावली. चारी ठिकाणी टेकली.

ठकूला घेऊन गाडी घाटात उतरली. कोंडाई कड्यावर बसून आवाजावरून वळणं मोजत होती. एक, दोन, तीन, चार. पाचव्याला माती-दगड ढासळल्याचा आवाज झाला आणि इंजिन ऐकू येईना. तिनं डोळे मिटले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग पार खालून भोंगा वाजला.

पाचव्या वळणावर रस्त्याची कड ढासळली होती, दरीकडच्या चाकाला घट्ट जमीन उरली होती वीतभर. पुढचं चाक त्या वितीवरून गेलं आणि मागचं त्याच्याच पावलावर. मातीत चार चाकांच्या दोनच चाकोऱ्या उमटल्या होत्या, असं म्हणतात. ठकूला मुलगी झाली. दोघी जगल्या.

कोंडाई गेली त्या दिवशी तिचा भाता सूर्य मावळेपर्यंत आपोआप हलत होता, असंही म्हणतात. खरं-खोटं देव जाणे. पण आजही खिरवडीच्या वेशीवर प्रत्येक गाडी थांबते. ड्रायव्हर उतरतो, मागच्या चाकांपाशी उकिडवा बसतो आणि खालून नीट बघतो. आत कुणाचं लग्न असो, कुणी आजारी असो, कुणाची परीक्षा असो, तो उठेपर्यंत गाडीतलं कुणीही 'लवकर' म्हणत नाही.