बिरूनं लावी बरी केली

एका गावात एक भोळा गडी होता, बिरू. भोळा म्हणजे किती? शेजारी 'जरा घराकडे बघत राहा' म्हणून बाजाराला गेला, तर तो येईपर्यंत ह्यानं मान वळवली नाही. मागच्या दारानं गाय शिरून भाजी खाऊन गेली. हा आपला बघतोच आहे.

बिरूची बायको सगुणा. तिनं चार लाव्या पाळल्या होत्या. मूठभर पाखरं, पण बाईचा जीव त्यांच्यात. त्यातही ठुमकीत जास्त.

एकदा सगुणा भाचीच्या बारशाला माहेरी निघाली आणि नेमकी ठुमकी शिंकली. छातीत घरघर, चोच उघडी.

"अहो, हिला गुरांच्या दवाखान्यात न्या. डॉक्टर सांगतील तसंच करा. हिचं काही बरंवाईट झालं ना, तर मी जाते माहेरी. कायमची!"

बिरूला घाम फुटला. सगुणा नसली की त्याला स्वतःचा सदरासुद्धा सापडत नसे.

डॉक्टरांनी ठुमकीला कानाशी धरलं. "श्वासाचा आजार आहे. हे औषध. पाण्यातून दोन थेंब दे आणि उबेत ठेव."

बिरूनं घरी येऊन औषधाची बाटली गोधडीत गुंडाळली आणि चुलीला टेकवून ठेवली. ठुमकी ओट्यावर कुडकुडली. औषध नासलं. बिरू पुन्हा दवाखान्यात.

"अरे शहाण्या," डॉक्टर ओरडले, "उबेत पाखरू! औषध थंड, अंधाऱ्या जागी. झाकण घट्ट लावून!"

बिरू वाटेनं विचार करत आला. पहिल्यांदा पाखराचं सांगणं बाटलीला लागू केलं, तर शिव्या बसल्या. आता बाटलीचं पाखराला लागू करू, म्हणजे फिट्टंफाट! त्यानं ठुमकीला गार मडक्यात ठेवलं, वर झाकण ठोकलं आणि शाबासकी घ्यायला मडकं डोक्यावर घेऊन पळत दवाखाना गाठला.

"बघा साहेब, झाकण हलतंय का!"

डॉक्टरांनी मडकंच फोडलं. ठुमकीचे डोळे पांढरे व्हायला आले होते. त्यांनी तिला दोन दिवस स्वतःपाशी ठेवलं, बरी केली आणि मग बिरूच्या हातात देताना एकेक शब्द दाबून बोलले, "हिला मोकळी हवा लागते. कोंडू नकोस. आणि पुन्हा कुणाचं नाक वाहताना, कुणी तोंड उघडून धापा टाकताना दिसलं, तर त्याला ताबडतोब बाकीच्यांपासून लांब कर. नाहीतर सगळ्यांना लागण होईल. कळलं?"

"कळलं की!"

बिरूनं पिंजरा छपरावर नेला आणि दार सताड उघडलं. भुर्र! चारही लाव्या गेल्या. ठुमकी सगळ्यांत पुढे.

संध्याकाळी सगुणा आली. "माझी ठुमकी कशी आहे?"

"ठणठणीत! पार टेकडीपलीकडे गेली, पण धाप म्हणून लागली नाही तिला."

सगुणानं रिकामा पिंजरा पाहिला आणि मटकन खाली बसली. हमसून हमसून रडली. डोळे लाल झाले, नाक वाहायला लागलं, तोंड उघडून धापा टाकू लागली.

बिरू दचकून उठला. तिचं न सोडलेलं गाठोडं उचललं, तिचा हात धरला आणि तरातरा एस.टी.च्या थांब्यावर नेलं.

"अहो, हे काय चालवलंय?"

"बोलू नकोस. धाप वाढेल."

गाडी आली. जिच्या जाण्याच्या भीतीनं चार दिवस घास उतरला नव्हता, तिला बिरूनं स्वतःच्या हातानं वर चढवलं आणि कंडक्टरला बजावलं, "मास्तर, हिला माहेरी सोडा. आणि एकटीला मागच्या बाकावर बसवा. गाडीभर माणसांना लागण झाली, तर साऱ्यांना ठुमकीसारखं ठेवायला एवढी मडकी मी आणू कुठून?"