पुसलेली ओळ

कोण्या एका काळची गोष्ट. राजा कोण होता ते विचारू नका, मलाही ठाऊक नाही. एका मोठ्या घाटाच्या पायथ्याशी धर्मशाळा होती आणि तिला चुना लावलेली एक लांबलचक भिंत होती. त्या भिंतीवर गावातली माणसं गेरूनं लिहीत. कुठला कंद खावा, कुठला खाऊ नये, कुठल्या खिंडीत दरड कोसळते, कुठं वाघ दिसला. लिहा असं कुणी सांगितलं नव्हतं, त्याचे दामही कुणी देत नव्हतं. वाटसरू यायचे, वाचायचे आणि त्या भिंतीच्या भरवशावर बायकापोरांना घेऊन घाट चढायचे.

भिंतीची रीत एकच. लिहिणाऱ्यानं आधी रांजणातल्या पाण्यानं हात धुवायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, "यात माझं कुणी नाही." ज्याचं कुणी असेल त्यानं बाहेरच्या पायरीवर बसून नुसतं सांगायचं, लिहायचं दुसऱ्यानं. पायरीवर बसण्यात कुणाला कमीपणा वाटत नसे.

म्हाळसा ही त्या भिंतीची सगळ्यांत जुनी लिहिणारी. तिचा नवरा घाटाच्या उजव्या वाटेवर, उंबराखालच्या झऱ्याचं पाणी पिऊन गेला होता. पाणी दिसायला नितळ, चवीला गोड; पण पिणारा दुसरी सकाळ पाहत नसे. तेरावं उरकल्यावर तिनं हात धुतला, "यात माझं कुणी उरलं नाही," म्हणाली आणि लिहिलं, 'उंबराखालचं पाणी पिऊ नका.'

पुढं तिचा मुलगा मोठा झाला आणि त्यानं डाव्या वाटेवर खानावळ घातली. पोरगं कष्टाळू, पण हात जरा आखडता. एकदा त्यानं शिळं वरण पुन्हा उकळून वाढलं आणि वाटसरूंची पोटं बिघडली. भिंतीवर लिहिणाऱ्यांतलाच एक सटवाजी कुंभार. त्यानं रीतसर हात धुऊन लिहिलं, 'डाव्या वाटेच्या खानावळीत शिळं वाढतात.' त्यात खोटं काहीच नव्हतं.

खानावळ ओस पडली. मुलानं आईपुढं कान धरले, पुन्हा असं करणार नाही म्हणाला, आणि खरंच त्यानं पुन्हा तसं केलं नाही. पण भिंतीवरची ओळ कुठं जातेय? सून थंड चुलीपुढं बसलेली बघून म्हाळसाचा जीव तुटायचा. अहो, आईचं काळीज ते! दुसऱ्या कुणाचं असतं तर तिनंच रीत ऐकवली असती. स्वतःचं आलं तेव्हा तिनं पळवाट काढली. रीत लिहिण्याची आहे, पुसण्याची कुठं आहे? मी थोडंच काही लिहितेय? भर दुपारी, सगळे जेवायला गेले असताना, तिनं ओल्या फडक्यानं ती ओळ पुसून टाकली.

सटवाजी आला तेव्हा चुना ओलाच होता. त्यानं विचारलं. म्हाळसा खोटं बोलली नाही. मीच पुसलं, आता तिथं ताजं मिळतं, म्हणाली.

सटवाजीनं त्या ओल्या चुन्यावर बोट फिरवलं. मग म्हणाला, "वैनी, पायरीवर बसून एवढंच सांगायचं होतं. मी माझ्या हातानं पुसलं असतं."

तो बाहेर कुणाकडं बोलला नाही. पण गावात अशी गोष्ट झाकून राहते होय? ती या कानाची त्या कानाला गेली आणि जाता जाता फुगत गेली. जी मुलासाठी पुसते ती मुलासाठी लिहीतही असेल, असं लोक म्हणू लागले. मग कुणीतरी डोकं चालवलं. उजव्या वाटेचं पाणी वाईट म्हटलं की वाटसरू डावीकडनं जाणार, आणि डावीकडं खानावळ कुणाची? ती ओळ खानावळीच्या कितीतरी आधीची, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

एक वाटसरू बायकोला आणि लहानग्या लेकीला घेऊन उजव्या वाटेनं गेला. लेकीला तहान लागली म्हणून झऱ्याचं पाणी आधी तिला पाजलं, आणि दोघं प्यायच्या आतच ती कोसळली. दुसऱ्या दिवशी तो लेकीला खांद्यावर घेऊन परत आला, मागोमाग बायको. ती आता उठणार नव्हती.

म्हाळसा धावत पुढं गेली. भिंतीवर एवढं ठसठशीत लिहिलंय, वाचलं नाहीस का बाबा, तिनं विचारलं. त्याच्या आवाजात रागसुद्धा उरला नव्हता.

"वाचलं, आई. पण लोक म्हणाले, लिहिणारीनं ते मुलाच्या खानावळीसाठी लिहिलंय."

"माझा नवरा गेला रे त्या पाण्यानं," एवढंच तिच्या तोंडून निघालं. बाई खरं बोलत होती, पण आता त्याचा काय उपयोग?

लेकीला माती दिल्यावर म्हाळसा बाहेरच्या पायरीवर जाऊन बसली. तिनं सटवाजीला हाक मारली, आपली उंबराच्या पाण्याची ओळ पुसायला सांगितली आणि तेच शब्द तुझ्या हातानं लिही म्हणाली. सटवाजीनं हात धुतला. "यात माझं कुणी नाही," म्हणाला आणि लिहिलं. शब्द तेच होते, अक्षर तेवढं बदललं, आणि त्या दिवसापासून लोक ती ओळ पाळू लागले.

म्हाळसानं पुन्हा गेरू हातात धरला नाही. नवीन कुणी लिहायला आलं की ती पायरीवरूनच सांगे, पुसतानाही हात धुवायचा, बरं का.

मुलांनो, आणि मुलांच्या आजोबांनो, एवढं ध्यानात धरा: आपल्या माणसासाठी सत्याला एकदा हात लावला, की आपलं खरंही लोकांना खोटं वाटू लागतं.