सांध्यातली भेग

घरातल्या वस्तू आपसांत बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. एका कौलारू घराचं धुराडं फार भित्रं होतं. शेजारचं धुराडं गवंड्याने घण घालून पाडलेलं त्याने डोळ्यांदेखत पाहिलं होतं. तेव्हापासून नुसता छिन्नीचा आवाज आला तरी त्याच्या विटा थरथरत.

एका पावसाळ्यात धुराडं आणि कौलं यांच्या सांध्याला भेग पडली. पाणी झिरपून खालच्या वाशावर उतरू लागलं.

"दादा, मला ओल लागतेय," वासा म्हणाला. "घरच्यांना कळू दे की."

"हळू बोल रे! गवंडी आला तर माझा चुराच करील," असं म्हणत धुराड्याने भेगेवर काजळी लिंपली.

घरधनीण हौसाबाईला भिंतीवर ओघळ दिसला. कौल सरकलं असेल, असं समजून तिने कौलं चाळून घेतली. धुराड्याला वाटलं, वाचलो!

पाऊस मात्र थांबेना. वाशाचं बोलणं कमी होत गेलं आणि एका दुपारी तो कडकन मोडला. हौसाबाईने घाबरून गवंड्याला बोलावलं.

गवंडी छिन्नी घेऊन वर चढला. धुराड्याने जीव मुठीत धरला. पण गवंड्याने सांध्यातला सैल चुना तेवढा खरवडला, पत्र्याची पट्टी बसवली आणि वरून गिलावा केला.

"वहिनी, बोटभर भेग होती," तो म्हणाला. "आधीच हाक मारली असती, तर वासाही वाचला असता."

कुजका वासा खाली उतरवला, तोडला आणि वाळवून चुलीत घातला. त्याचा धूर हळूहळू वर येऊ लागला. धुराड्याला तो आपल्याच गळ्यातून बाहेर सोडावा लागला.