तारीख शेवटी

"पण तारीख शेवटी का, गुरुजी?"

मुजावर गुरुजी फळ्यापासून दोन पावलं मागं सरले होते. सगळं लिहून झालं होतं. मग पुन्हा पुढं होऊन त्यांनी वरच्या कोपऱ्यात तारीख घातली. हात कापत होता, म्हणून डाव्या हातानं उजवं मनगट धरून.

"पंचांग असो, दैनंदिनी असो, सुरुवात तारखेनंच होते," श्रीरंग म्हणाला. "तुमचं उलटंच."

"हं."

"काही कारण?"

"चहा घेतोस?" गुरुजींनी विचारलं.

आमच्या वाचनालयाच्या ओट्यावर हा फळा आहे. मी आत पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलाशी बसतो, त्यामुळं ओट्यावरचं बोलणं मला ऐकावंच लागतं. ऐकायला आवडतं, हेही खरं.

फळ्याचे रकाने चार. पहिल्यात इतिहास : आजच्या तारखेला पूर्वी काय घडलं. दुसऱ्यात एखादी माहिती. तिसऱ्यात विनोद. आणि सगळ्यात खाली दोन ओळी गुरुजींच्या स्वतःच्या. गाव त्या ओळींना नुसतं 'खालचं' म्हणतं.

एकदा खालचं असं होतं : 'बाजारात वांगी पाहून बायकोची आठवण झाली. तिला वांगी आवडत नसत.' त्या दिवशी फळ्यासमोरून लोक लवकर हलले नाहीत.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून गुरुजींनी हा फळा एक दिवस चुकवला नव्हता. पण आता हाताला कंप सुटला होता. फळा कुणाच्या तरी स्वाधीन करायला हवा होता. तो आपल्याला मिळावा, असं श्रीरंग हुद्दारला मनापासून वाटत होतं.

श्रीरंग कॉलेजात इतिहास शिकवतो. माणूस हुशार, अभ्यास पक्का. वर्षभर रोज सकाळी गुरुजींच्या शेजारी उभं राहून त्यानं वरचे तीन रकाने लिहिले होते. एका तहाची तारीख गुरुजी वर्षानुवर्षं चुकीची लिहीत आले होते, तीही यानंच दाखवून दिली. गुरुजी म्हणाले, "बरं झालं सांगितलंस," आणि तिथल्या तिथं बोटानं पुसली.

चौथा रकाना मात्र त्यांनी दिला नव्हता.

श्रीरंगला हे लागायचं. घरच्या लग्नात बाहेरच्या पंगतीला बसवल्यासारखं वाटतं, असं तो मला एकदा म्हणालाही होता.

त्या सकाळी चहा झाला आणि त्यानं पिशवीतून एक जाडजूड वही काढली.

"बघा."

"काय आहे?"

"वर्षभराचा फळा. तीनशे सहासष्ट दिवस, एकोणतीस फेब्रुवारीसकट. चारही रकाने."

गुरुजींनी चष्मा लावला.

"चारही?"

"खालचंसुद्धा. रोजच्या दोन ओळी. म्हटलं, एकदा बघितलंत म्हणजे तुमची खात्री पटेल."

गुरुजींनी मधलंच एक पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं. "नऊ ऑगस्ट. 'आज पावसानं झोडपलं. छत्री असून भिजलो.'"

आणि वर पाहिलं.

"ऑगस्टात पडतोच की, गुरुजी."

"छत्री कुठली?"

श्रीरंग हसला. गुरुजी नाही हसले. पान उलटून ते पुढं गेले. एके ठिकाणी त्यांचं बोट थांबलं.

"'आज आईची फार आठवण आली.'" त्यांनी तारीख पाहिली. "ही आठवण... पाच महिन्यांनी येणार आहे?"

"त्या तारखेला आई गेली."

"आज येत नाही?"

समोरच्या लिंबाखाली दोन शेळ्या कशासाठी तरी भांडत होत्या, तिकडं श्रीरंग बघत राहिला.

गुरुजींनी वही मिटली आणि त्याच्या हातात दिली. मग खडूची पेटी उचलून तीही दिली.

"उद्याचा फळा तुझा."

"तीन रकाने?"

"चारही."

श्रीरंग वाकून पाया पडला. उठला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं. आपल्या गुणाचं चीज होताना पाहायचं भाग्य गावात फार जणांना लाभत नाही.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला तो ओट्यावर हजर. हातात वही, ओलं फडकं, लाकडी पट्टी. त्यानं गुरुजींचा फळा स्वच्छ पुसला, पट्टीनं रेघा आखल्या आणि लिहायला घेतलं. सगळ्यात आधी तारीख. १६ एप्रिल.

"अहो, अजून पंधराच आहे," मी आतून म्हणालो.

"सकाळच्या घाईत अक्षर बिघडतं. आत्ता निवांत होतं."

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मनात म्हणालो, तोंडानं नाही. अक्षर मात्र छापल्यासारखं सुरेख येत होतं.

तेवढ्यात केरबा लोहार आला. भाता बंद करून, हातपाय धुऊन, खांद्यावर टॉवेल टाकून. सत्तरीचा गडी. वाचायला येत नव्हतं. पण रोज सकाळी फळ्यासमोर उभा राहायचा आणि गुरुजी त्याला सगळा फळा वाचून दाखवायचे. विनोदाला तो आधी हसायचा आणि मग विचारायचा, "म्हंजे काय झालं?" शेवटी ठरलेलं वाक्य : "आन् खालचं?"

केरबानं मान तिरकी करून पाहिलं.

"आज सांजच्यालाच?"

"उद्याचा आहे, केरबाकाका."

"उद्याचा आजच? भारीच की." तो खाली ओट्याच्या कडेला टेकला. "दावा वाचून."

श्रीरंग तिसऱ्या रकान्यात गुंतला होता. अक्षर बिघडू नये म्हणून त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

"उद्या सकाळी या. उद्याचा उद्या वाचू."

"बरं," केरबा म्हणाला. "उद्या." थोडा वेळ अक्षरं बघत बसला आणि घरी गेला.

सकाळी आठला मी वाचनालय उघडायला आलो, तेव्हा गुरुजी ओट्यावरच्या बाकावर एकटे बसले होते. पायजमा गुडघ्यापर्यंत मातीनं भरलेला. फळ्याकडं त्यांची पाठ होती.

मागोमाग श्रीरंग आला. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, प्रसन्न मुद्रेनं. लोक काय म्हणतात ते ऐकायला आला होता.

"वाचलात, गुरुजी?"

"वाचला."

"मग?"

"केरबा गेला," गुरुजी म्हणाले. "पहाटे. छातीत कळ आली. मी तिथूनच येतोय."

श्रीरंगनं फळ्याकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्यानं फडकं उचललं.

"काय करतोस?"

"पुसतो. तो विनोद... आणि खालचं. गुरुजी, आत्ता इथूनच नेतील त्यांना."

"हो."

"लोक काय म्हणतील?"

"वाचतील."

"मग पुसू द्या."

"लिहिलंस ना?" गुरुजींनी हात पुढं करून फडकं मागितलं. "मग थांब शेजारी."

त्यानं फडकं दिलं.

वाचनालयासमोर लिंबाखाली एक सपाट दगड आहे. तो विसाव्याचा. स्मशानाकडं जाताना तिरडी तिथं खाली टेकवायची, खांदे पालटायचे, मगच पुढं जायचं. गावची रीतच आहे. कितीही घाई असली तरी हा विसावा चुकवत नाहीत.

नऊच्या सुमारास केरबाला घेऊन लोक आले. तिरडी दगडावर टेकली. माणसं घाम पुसत उभी राहिली, आणि जागा अशी की समोर फळाच.

मी खिडकीतून बघत होतो. कुणी वाचत होतं, कुणी वाचून नजर खाली घालत होतं. श्रीरंग फळ्याला चिकटून उभा होता, अंगानं तो झाकता आला तर बरं, अशा बेतानं. फळा सहा फुटी. तो काही झाकला जाईना.

केरबाचा मुलगा सदाशिव हातातलं मडकं दुसऱ्याकडं देऊन पुढं आला.

"सर," तो म्हणाला, "तेवढा फळा वाचून दावा."

श्रीरंगला कळेना.

"दादा राच्च्याला जेवताना सांगत हुते. म्हणले, गुरुजींच्या चेल्यानं उद्याचा फळा आजच लिवून ठेवलाय. सकाळी जायचं ऐकाय." त्यानं तिरडीकडं पाहिलं. "आता आलेतच तर... ऐकवा."

श्रीरंगनं गुरुजींकडं पाहिलं. गुरुजी बाकावरून उठून उभे राहिले, एवढंच.

त्यानं वाचायला सुरुवात केली.

"इतिहास. अठराशे त्रेपन्न. आजच्या दिवशी बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी पहिल्यांदा प्रवासी घेऊन धावली. डबे चौदा. ओढायला इंजिनं तीन."

एक म्हातारा टोपी काढून उभा होता.

"माहिती. ऑक्टोपस या समुद्री प्राण्याला तीन हृदयं असतात."

"तीन," सदाशिव हळूच म्हणाला. "दादांनी इचारलं असतं, येक थांबलं तर चालतंय का म्हणून."

श्रीरंग थांबला. पुढचा रकाना विनोदाचा होता.

"वाचा की."

"सदाशिव, हा राहू दे..."

"दादा त्येच्यासाठीच येत हुते."

श्रीरंगनं तो वाचला. फळ्याकडं बघून, एका दमात.

"म्हातारा : मी गेल्यावर तू काय करशील? म्हातारी : अर्धा तास वाट बघीन. दर वेळी काहीतरी विसरून परत येता."

सदाशिवच्या तोंडून हसू फुटलं. केरबासारखंच, खांदे हलवत. हसता हसता तो खाली बसला आणि रडायला लागला. पहाटेपासून तो रडला नव्हता, असं त्याचा चुलता म्हणाला. आणखी दोघंतिघं हसले, आणि त्यांनीही डोळ्यांना टॉवेल लावले. माझंही तेच झालं, लपवत नाही.

सदाशिव तोंड पुसत उठला.

"आन् खालचं?"

खालचं सुरेख अक्षरात लिहिलेलं होतं. 'आज पहाटे जाग आली आणि मन उगाच प्रसन्न झालं. अशी सकाळ सर्वांना लाभो.'

श्रीरंगनं त्या ओळींवर नजर ठेवली. सदाशिवला वाचता येतं, बारावी झालाय तो. त्यानं खालचं केव्हाच वाचलं असणार. पण तो केरबाच्या जागी उभा राहून वाट बघत होता.

"खालचं आजचं नाही," श्रीरंग म्हणाला.

"म्हंजे?"

"काल संध्याकाळी लिहिलं. वहीतून उतरवलं. आज पहाटे मी... सातापर्यंत झोपलो होतो." तो तिरडीकडं वळला आणि हात जोडले. "काका, तुम्ही काल ऐकायला बसला होतात. मी मागं वळूनही पाहिलं नाही. चुकलं माझं."



"असूं द्या, सर. यवढं ऐकलं त्यांनी."

सदाशिवनं मडकं परत घेतलं. खांदे पालटले, तिरडी उचलली गेली आणि लोक ओढ्याकडं चालू लागले. गुरुजी थोडं अंतर त्यांच्यामागून गेले, गुडघा साथ देईना तेव्हा परत आले.

श्रीरंग फळ्यासमोर बसला होता. खडूची पेटी त्यानं बाकावर ठेवली होती, झाकण लावून.

"ही घ्या," तो म्हणाला. "मला नाही जमायचं."

गुरुजींनी पेटी घेतली नाही. फडकं त्याच्याकडं टाकलं आणि बाकावर बसले.

ऊन ओट्यावर चढलं. मग श्रीरंग उठला. खालच्या रकान्यातल्या दोन ओळी त्यानं पुसल्या. वही उघडली नाही. पट्टीही घेतली नाही. पेटीतला हाताला लागेल तो खडू घेऊन त्यानं लिहिलं, आणि अक्षर वेडंवाकडं आलं, रेघ सोडून खाली उतरलं.

'काल केरबा लोहार फळा ऐकायला बसले होते. मी म्हणालो, उद्या या.'

लिहून तो बाजूला झाला. गुरुजींनी वाचलं.

मग उठले. कापणारा हात वर नेला आणि तळव्यानं तारीख पुसून टाकली. १६ एप्रिल. सगळी.

श्रीरंग चकित झाला.

"बरोबर होती ती, गुरुजी. आज सोळाच आहे."

गुरुजींनी तळवा पायजम्याला पुसला. पेटीतून नवा खडू काढून त्याच्या हातात ठेवला.

"आता घाल."