हरणीनं अन्न सोडलं

"मग हिला पाहिजे तरी काय, बाबा?"

चंदननाथानं थाळी धुनीजवळ जवळजवळ आपटलीच. थाळीत ताजी भाकरी होती, वर तूप होतं. केवळनाथबाबांनी थाळीकडे पाहिलं, मग दाराशी पडलेल्या कुत्रीकडे. तिच्या बरगड्या वर आल्या होत्या.

घाटमाथ्यावरच्या या मठात वास काढणारी कुत्री फार पूर्वीपासून पाळत. धुक्यात कुणी वाट चुकलं की त्याचं एखादं कापड कुत्र्याला हुंगायला द्यायचं आणि मागोमाग चालायचं. हरणी त्यात सगळ्यांत तरबेज. लांब कान, मातकट अंग, नाक सदा जमिनीला. तिचं सगळं चंदननाथ बघायचा. आपल्याइतकं कुत्र्याचं कुणीच करत नाही, असं त्याचं मत होतं. मत खोटं नव्हतं, फक्त तो ते येता-जाता ऐकवायचा.

"म्या काय करायचं ठेवलंय?" तो म्हणाला. "रोज कान पुसतो. लोंबतं कान, आत ओल राह्यली की सडत्यात. अंगावर गोचिड दिसायचं न्हाई. पायाच्या बेचक्यात काटं बघतो, नखं घासतो. खालचं गवत बदललं. रोज माथ्यावर फिरवून आनतो. वैदू पन बघून गेला. म्हनला, रोग न्हाई."

"मग?"

"मग खात न्हाई! पानी तेवढं पिती. भाकरी दिसली की तोंड फिरवती."

बाबांनी धुनीतलं लाकूड आत सारलं.

"कवापासनं?"

चंदननाथानं थाळी उगाच जरा सरकवली.

"त्या बाईला हुडकून आली... तवापासनं."

'त्या बाईला' म्हणाला तो. मठातल्या सगळ्यांना माहीत होतं, ती त्याची आई. लेकाचं तोंड बघायला पार तळातल्या गावातून ती म्हातारी घाट चढून आली होती. जोग्याला आई नसते, असा त्यानं फाटकावर निरोप धाडला. ती परत फिरली. मागून धुकं उतरलं आणि ती गावात पोहोचलीच नाही.

तिच्या डोक्यावरची चुंबळ फाटकाशी पडली होती. चंदननाथानंच ती हरणीला हुंगवली. पण हरणीच्या मागं तो गेला नाही, दुसऱ्या दोघा चेल्यांना पाठवलं. कारवीच्या रानात हरणीनं म्हातारीला शोधून काढलं तेव्हा जीव गेलेला होता. अग्नीसुद्धा गावकऱ्यांनीच दिला.

हे सांगताना मला अजून राग येतो. असो, पुढचं ऐका.

"थाळी घेऊन जातोस तवा हरणी काय करती?" बाबांनी विचारलं.

"काय करनार? मला हुंगती. हात, छाती, समदं. मग म्होरं येऊन बसती अन् तोंडाकडं बघत ऱ्हाती."

"खायाला मागितल्यावानी?"

"तसंच. म्हनून तर मी थाळी म्होरं सारतो, तर तोंड फिरवती. येडी झालीया."

"आंगुळ करून बघितलीस?"

"केली की. भस्म बी नवं फासलं. तरी हुंगतीच."

बाबा गुडघ्यांवर हात रोवून उठले. थाळीतल्या भाकरीचा तुकडा मोडून घेतला आणि हरणीपुढे जाऊन बसले.

"ये बाई."

हरणी उठली. पाय लटपटत होते. बाबांच्या हातातल्या तुकड्याला वळसा घालून ती चंदननाथाकडे गेली. त्याच्या छातीला नाक लावून उभी राहिली. मग पुढचे दोन्ही पाय जुळवून त्याच्या समोर बसली.

"हिला शिकिवलं कुनी?" बाबांनी विचारलं.

"म्याच."

"मानूस घावलं की काय करायचं शिकिवलंस?"

"भुकायचं न्हाई. अंगावर जायाचं न्हाई. म्होरं..."

तो थांबला.

"म्होरं काय?"

"म्होरं बसायचं."

...

हरणी बसलीच होती. तिची नजर चंदननाथाच्या तोंडावरून हलत नव्हती.

"माझ्यात हिला काय घावलं?" तो म्हणाला. आवाज चढला होता. "म्या घर सोडलं, गोत सोडलं. कान फाडून घेतलं. नाव सुदिक टाकलं, बाबा!"

"ते हिला कुनी सांगितलं न्हाई. चुंबळीचा वास तुझ्या अंगाला येतोय, हिला तेवढंच ठावं."

चंदननाथानं हात आपल्या छातीवर ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"चुंबळ कुनी हुंगवली?" बाबांनी विचारलं.

"म्या."

"हुंगवनाऱ्यानं काय करायचं आसतं?"

"शेवटपतुर मागं जायाचं. घावल्या जागी आपल्या हातानं घास द्यायाचा. सांगायचं, झालं बाई, घावलं."

"गेला व्हतास?"

"...न्हाई."

"मागावरचं कुत्रं खात न्हाई, चंदन. ही अजून मागावरच हाय."

"पर आता तिथं काय हाय? नुसतं गवत."

"मग नगं जाऊस. ही मरंल."

चंदननाथानं हरणीकडे पाहिलं. काही झालं तरी त्याचा या कुत्रीवर जीव होता. डोळे उघडले नव्हते तेव्हापासून त्यानं तिला बोटानं दूध चाटवलं होतं. त्यानं भाकरी फडक्यात गुंडाळली आणि खाली मान घालून बाहेर पडला.

बाबाही काठी टेकत मागोमाग निघाले.

हरणी पुढे होती. नाक जमिनीला लावून चालायची, दम लागला की थांबायची. ओढ्यापाशी चंदननाथानं तिला उचलून पलीकडे नेलं. इतकी हलकी झाली असेल असं त्याला वाटलं नव्हतं. तो तिला खाली ठेवायला विसरला, तशी तिनंच अंग सोडवून घेतलं.

कारवीच्या रानात एक वाकलेला कातळ होता. पावसापासून अंग चोरून एखादं माणूस बसेल एवढी जागा त्याच्याखाली होती. हरणीनं तिथं एक फेरी मारली. परत आली आणि चंदननाथासमोर बसली.

त्यानं फडकं सोडलं आणि घास पुढे केला.

"घे. झालं बाई. घावलं."

सकाळी झाडलोट करायला सांगावं तसं तो हे बोलला. हरणी हलली नाही.

"कोन घावलं?" मागून बाबांनी विचारलं.

"ती बाई."

"कोन?"

बाबा काठीवर हनुवटी टेकून उभे राहिले. त्यांना कसलीच घाई नव्हती...

चंदननाथ मटकन खाली बसला.

"आई," तो म्हणाला. "माझी आई घावली."

आणि मग त्याचा बांध फुटला. भस्म फासलेला, दाढीवाला, अंगापिंडानं थोराड माणूस, कातळाला कपाळ टेकून हमसून हमसून रडला. ते ऐकवत नव्हतं.

"म्या वरनं बघत व्हतो, बाबा," तो म्हणाला. "लपून. ती फाटकाशी हुबी व्हती. धपाटी आनली व्हती माझ्यासाठी, फडक्यात बांधून. म्हनली, मला भेटू नगंस, पर हे घे. म्या ते बी माघारी धाडलं."

त्यानं कपाळ कातळावर घासलं.

"फडकं हितंच घावलं म्हनं, तिच्या मांडीवर. गाठ तशीच व्हती. सोडली बी नव्हती तिनं. समदा घाट उपाशी..."

हरणी उठली. त्याच्या मानेत नाक खुपसून तिनं लांब श्वास घेतला, मग तोंड चाटलं. भस्म निघालं, खालचा सावळा गाल दिसू लागला. घास त्याच्या मुठीतच राहिला होता. तिनं नाकानं मूठ उघडली आणि तो खाल्ला.

चंदननाथानं दुसरा घास मोडला. तिनं तोही खाल्ला. हळूहळू अर्धी भाकरी संपली. इतक्या दिवसांची उपाशी कुत्री, एकदम जास्त झेपणार नाही, हे रडता रडताही त्याच्या ध्यानात होतं. त्यानं हात आखडता घेतला. हरणी तिथंच, त्याच्या मांडीला पाठ लावून आडवी झाली आणि तिला झोप लागली.

बाबा येऊन शेजारी बसले. उरलेली अर्धी भाकरी गवतावर पडली होती. त्यांनी ती उचलली, फुंकर मारून माती उडवली आणि चंदननाथासमोर धरली.

त्यानं मान हलवली.

"नगं, बाबा. घशाखाली न्हाई उतरायची."

बाबांनी हात मागं घेतला नाही.

"ही तरी माघारी धाडू नगंस," ते म्हणाले.