पलीकडच्या काठाची ज्वारी

राजा धैर्यधराच्या भाकरीत खडा निघाला, दाढ ठणकली, आणि दुसऱ्याच दिवसापासून साऱ्या राज्यातल्या शेतकऱ्यांना आपापल्या ज्वारीची हमी द्यावी लागू लागली!

दवंडी फिरली : हमीची मोहर असलेलंच धान्य सरकारी अंबारखान्यात येईल. बिनमोहरेचं धान्य जप्त होऊन हत्तींपुढे जाईल! मोहर उठवायला राजाने खास अंमलदार नेमला, त्र्यंबकपंत हमीनवीस. पंतांनी जन्मात कधी नांगराला हात लावला नव्हता. पण नियम मात्र असे पेरले, की उगवायचे थांबेनात.

येसबा आणि त्याची लेक हौसा वर्षभराची ज्वारी गाडीत घालून अंबारखान्याच्या दारात आली, तेव्हा पंत नाकाला रुमाल लावूनच उभे होते.

"मळणीच्या वेळी बैलांचे खूर धुतले होते?"

"धुतले," हौसा म्हणाली. "दातही घासले असते, पण बैलांनी तोंड उघडलं नाही!"

"घरात उंदीर?"

"मांजर आहे. तिची मोहर चालेल?"

"उद्धट पोरी! आता मुख्य नियम. या ज्वारीला एकाही चिमणीने चोच लावलेली नाही, अशी हमी आहे?"

"पंत, ज्वारी शेतात पिकते, तिजोरीत नाही!"

"नापास!" पंत ओरडले आणि त्यांनी पोत्याला लाथ मारली.

तेवढ्यात नदीकडून ढोल वाजला. पलीकडच्या राज्यातून नाव आली होती. हमालांनी ज्वारीची पोती उतरवली, पंतांनी पोत्यांवर फुलं उधळली आणि पोती थेट अंबारखान्यात गेली. कुणी खूर विचारले नाहीत की चोच विचारली नाही.

हौसा बघतच राहिली. "त्यांना मोहर नको?"

"वेडी आहेस का? तो परदेशी माल! परदेशी आहे, हीच त्याची हमी!"

आता मात्र येसबाचा तोल सुटला. "म्हणजे आम्ही इथले, हाच आमचा गुन्हा! हा नियम आहे का चेष्टा?"

नेमका वरच्या सज्जात राजा धैर्यधर झोपाळ्यावर बसला होता. आपल्या नियमाला कुणी चेष्टा म्हटलेलं त्याला कसं खपणार!

"घाला त्याला हत्तीखान्यात!" राजा गरजला. "आणि पोरी, तुझी जीभ फार चालते ना? उद्या संध्याकाळच्या आत हीच ज्वारी, एकही नियम न मोडता, माझ्या अंबारखान्यात आणून दाखव! जमलं तर बाप सुटेल. नाहीतर जन्मभर हत्तींची लीद उचलेल!"

पंत गालात हसले. पिकलेल्या ज्वारीला लागून गेलेली चिमण्यांची चोच आता कशी पुसणार?

शिपाई बापाला घेऊन गेले. हौसाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने ते पदराने झटक्यात पुसलं. नावाडी रिकामी नाव घेऊन परतायला निघाला होता. हौसा गाडी हाकत घाटावर गेली.

"नावाडीदादा, पलीकडे नेता का?"

"पोती उतरवायची कुठे?"

"नुसती काठाला टेकवायची. रात्रीची भाकरी खाऊन सकाळी परत!"

नावाडी कपाळावर हात मारून हसला. पण नाव निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर ढोल वाजला. पंत धावत आले. नावेत पोती होती आणि डोक्यावरून पदर पुढे ओढून एक बाई बसली होती.

"माल कुठून आला?"

"पलीकडच्या काठावरून," बाई म्हणाली. खोटं एक अक्षर नाही!

पंतांनी मूठभर ज्वारी उचलून हुंगली. "अहाहा! काय टपोरा दाणा! आपल्या लोकांना सात जन्मांत जमायचं नाही!" त्यांनी फुलं उधळली, पोती आत गेली. इतकंच नाही, तर त्या ज्वारीच्या गरम भाकऱ्या थापून त्यांनी त्या दुपारी स्वतः झोपाळ्यावरच्या राजापुढे वाढल्या.

राजाने एक खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरी मागितली. "वा! कुठल्या देशाची ज्वारी ही? बोलवा ती आणणाऱ्याला!"

बाईने पुढे येऊन पदर मागे सारला.

"हौसा!" पंत किंचाळले.

"मुजरा, सरकार. ज्वारी आमच्याच रानातली. काल पंतांच्या लाथेने नापास झाली, आज त्यांच्याच फुलांनी पास झाली. मधे फक्त एक नदी!"

दारात उभा असलेला नावाडी म्हणाला, "खरंय, सरकार. जाताना मीच नेली, येताना मीच आणली."

राजाची भाकरी हातातच राहिली. "पण तू नियम मोडलास!"

"कुठला, सरकार? नियम इथल्या मालाला. हा माल परदेशी!"

"आणि चिमण्या? चोची मारल्याच असतील त्यांनी!"

"मारल्या की! पण माल परदेशी झाला, तशा चोच मारणाऱ्या चिमण्याही परदेशी झाल्या. आणि परदेशी चिमणीची चौकशी करायला पंतांकडे नियमच नाही!"

मग राजाच्या मिशा थरथरल्या, पोट हललं, आणि तो असा खदाखदा हसला, की झोपाळ्याच्या कड्या कुरकुरल्या! "सोडा येसबाला! आणि अंबारखान्याच्या किल्ल्या आजपासून या पोरीकडे!"

"पण सरकार," पंत रडकुंडीला आले, "हिची हमी कोण देणार?"

"ती आत्ताच नदी ओलांडून आलीय, पंत! तिला हमी कशाला?"

राजा पुन्हा हसत सुटला. हसता हसताच त्याने गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून हौसाच्या हाती दिला. "बोल, कारभारीणबाई, पहिला हुकूम?"

हौसाने किल्ल्या कमरेला खोचल्या. "दोन्ही काठांच्या धान्याला एकच चाळणी, सरकार! आणि चाळायला पंत!"