कडक बुश

"आता अजून काय घट्ट करायचं राहिलंय, उस्ताद?"

विक्रांत मोकाशीनं आल्या आल्या हेच विचारलं. ना नमस्कार, ना तब्येतीची चौकशी.

बाबालाल मुजावर शेडच्या सावलीत बाजेवर बसले होते. त्यांनी लांब उभ्या असलेल्या गाडीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"बस तरी."

"बसायला वेळ नाही. उद्या घाट उतरायचाय."

पाटणच्या अलीकडं, चिपळूणला जाणाऱ्या रस्त्यालगत बाबालालांची ही जुनी शेड. विक्रांत गाडीचं काम इथंच शिकला. पुढं कऱ्हाडात त्याचं स्वतःचं गॅरेज झालं, शर्यतीत पळणाऱ्या गाड्या त्याच्याकडं यायला लागल्या, आणि उस्तादांकडं येणं कमी होत होत थांबलं. आज तो वडिलांच्या वेळची पांढरी गाडी घेऊन आला होता. पुढच्या सीटवर बायको होती, वैदेही. तिला आठवा महिना लागला होता. बाळंतपणासाठी माहेरी, चिपळूणला जायचं होतं.

मागच्या खेपेला कुंभार्ली घाट उतरताना पुढचा एक बुश फाटला होता. बुश म्हणजे रबराचं जाड कडं. पुढच्या चाकाचा दांडा तेच गाडीला धरून ठेवतं. वळणावर ब्रेक दाबला आणि गाडी एकदम बाजूला ओढली गेली. कठड्याला घासत घासत थांबली. कठड्यापलीकडं दरी होती.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण त्या दिवसापासून विक्रांतला धड झोप नव्हती.

"रबर काढून टाकलं मी," तो सांगू लागला. "सगळे बुश कडक बसवले. शर्यतीच्या गाड्यांना घालतात ते. फाटणार नाहीत, दबणार नाहीत. तुमच्या वेळी हे मटेरियल नव्हतं."

"नव्हतं," बाबालाल म्हणाले. "चांगलं हाय ते."

"मग आवाज का येतोय?"

"कुठनं येतो?"

विक्रांतनं मागं वळून गाडीकडं पाहिलं.

"सगळीकडनं," शेवटी तो म्हणाला.

बाबालालांनी बाजेखालच्या चपला पायानं ओढून घेतल्या. "चल, बघू. मला गाडीपतुर ने."

शेडपुढचा रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं. सगळीकडं खडी पसरली होती. त्या खडीवरून गाडी आणायची विक्रांतची छाती झाली नव्हती, म्हणून त्यानं ती अलीकडंच थांबवली होती.

म्हाताऱ्याचे गुडघे गेलेले. विक्रांतनं त्यांचा दंड दोन्ही हातांनी पकडला, असा की बोटं रुतली. पहिल्याच खड्यावर बाबालालांचा पाय घसरला, आणि धरलेला दंड सुटेना म्हणून विक्रांतही झुकला. त्यानं पकड आणखी आवळली. पुढच्या पावलाला दोघंही कोलमडले.

"सावकाश, उस्ताद! पडाल."

"मी न्हाई पडत. तू पाडतोयस."

गाडीचं दार वाजलं. वैदेही एक हात कमरेवर ठेवून उतरली आणि खडीच्या कडेकडेनं त्यांच्याजवळ आली. तिनं नुसता तळवा म्हाताऱ्याच्या कोपराखाली धरला. पाय घसरला की तिचा हात त्यांच्याबरोबर थोडा खाली जायचा, परत वर यायचा. असे ते दोघं गाडीपर्यंत गेले.

विक्रांत खडीत तसाच उभा राहिला होता.

"ये की," बाबालालांनी हाक मारली.

ते मागं बसले. वैदेही पुढं. विक्रांतनं गाडी सुरू केली आणि उस्तादांनी बोट दाखवलं तशी खडीच्या रस्त्यावर घातली.

टक्.

"हा! ऐकलात?"

"खडा."

टक्... टक्.

"आणि हा?"

"त्योबी खडा."

स्टिअरिंगवर विक्रांतच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. प्रत्येक दणका सीटमधून पाठीत चढत होता. वैदेहीनं दोन्ही हात पोटाखाली घेतले होते आणि ती समोर बघत होती.

"पोरी, तरास हुतोय?" बाबालालांनी विचारलं.

"गाडीचा थोडा होतो, चाचा," ती म्हणाली. "जास्त यांचा होतो. वाटेत सारखे थांबतात. उतरून चाकाखाली बघतात. परत बसले की मला विचारतात, घाबरलीस का."

"मग तू काय सांगतीस?"

"मी सांगते, थांबलात की घाबरते."

विक्रांतनं गाडी थांबवली. आणि थांबवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण थांबवली.

त्यानं इंजिन बंद केलं.

"उस्ताद," तो मान न वळवता म्हणाला, "त्या दिवशी गाडी माझ्या हातात राहिली नव्हती. स्टिअरिंग एकीकडं, गाडी एकीकडं. ही बाजूला बसलेली. मला परत तसं व्हायला नकोय. चाकाला जराही हलू द्यायचं नाहीये मला."

"चाक हललं न्हाई तर कोण हलंल?"

विक्रांतनं आरशात पाहिलं. बाबालाल त्याच्याकडं बघत नव्हते. ते वैदेहीच्या हातांकडं बघत होते.

"रबरी बुश आणलंच न्हाईस?"

"आणलेत... डिकीत आहेत. आधी तेच आणले होते. बसवायचं धाडस झालं नाही."

"घे गाडी आत."

दुपारभर काम चाललं. वैदेही बाजेवर कुशीवर पडली होती. विक्रांतनं गाडी जॅकवर उचलली, चाकं काढली, दांडे सोडवले. बुश दाबून काढायची-बसवायची, हातानं फिरवायची जुनी प्रेस अजून चालत होती. एकेक कडक बुश बाहेर आला. त्यांना काही झालं नव्हतं, नवे कोरे होते. विक्रांतनं ते पुसून फळीवर ठेवले. मग रबरी बुश बसवले. बसवताना तो प्रत्येक बुश अंगठ्यानं दाबून बघायचा. तो दबायचा, आणि विक्रांतचा चेहरा उतरायचा.

बाबालाल स्टुलावर बसून होते. मधेच "तिरका जातोय" एवढंच म्हणाले. बाकी काही नाही.

दांडे परत लागले. चाकं लागली. आता फक्त बुशांचे नट पक्के करायचे होते. गाडी अजून जॅकवरच होती, पुढची चाकं हवेत लोंबत होती. विक्रांतनं पाना लावला आणि अंगातलं सगळं बळ एकवटलं.

बाबालालांचा हात पान्यावर आला.

"आत्ता न्हाई."

"उस्ताद, नट सैल आहेत!"

"ऱ्हाऊ देत."

"गाडी खाली घेऊ? सैल नटांवर?"

"घे."

विक्रांतला हे माहीत नव्हतं असं नाही. गाडी हवेत असताना आवळलेलं रबर जमिनीवर आल्यावर पिळवटतं आणि लवकर फाटतं, हे त्यानं याच शेडमध्ये ऐकलं होतं. तो स्वतः पोरांना हेच शिकवायचा. पण आज नट सैल दिसत होते, आणि त्याला ते बघवत नव्हतं.

गाडी ढकलत खड्ड्यावर आणली. शेडमध्ये जमिनीत एक लांबट खड्डा होता. त्यात उतरून उभं राहिलं की डोक्यावर गाडी यायची. विक्रांत खाली उतरला. चाकं आता जमिनीवर होती.

"आता?"

"आत्ता न्हाई." बाबालाल बाजेकडं वळले. "सूनबाई, जरा गाडीत येऊन बसतीस?"

"तिला नको, उस्ताद!" खड्ड्यातून विक्रांतचा आवाज एकदम चढला. "नट सैल आहेत म्हटलं ना! तिला कशाला—"

"गाडी उभी हाय," बाबालाल म्हणाले. "कुठं जाणार न्हाई."

वैदेही उठली. आपल्या सीटवर सावकाश टेकली, दार लावलं. बाबालाल मागं जाऊन बसले.

विक्रांतच्या डोक्यावर गाडी किंचित खाली आली. नवे बुश त्याच्या डोळ्यांसमोर जरासे फिरले, आपापल्या जागी बसले आणि थांबले. त्यानं हात वर करून एका बुशावर ठेवला. वरून वैदेही काहीतरी बोलली, म्हातारा हसला, आणि ते हसणं रबरातून त्याच्या तळव्यात आलं, अगदी हलकं...

तो तसाच उभा राहिला.

"विक्रांता."

"हं."

"आता आवळ."

त्यानं आवळलं. जेवढं हवं तेवढंच. एरवी तो शेवटी आणखी एक झटका द्यायचा. तो देताना हात थांबला, आणि त्यानं पाना काढून घेतला.

बाहेर आला तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत तो कुणाकडं न बघता म्हणाला, "मी एक चक्कर मारून येतो."

"एकटा?" वैदेहीनं आतून विचारलं.

"...चल."

गाडी खडीवरून गेली. टक् कुठंतरी आलं, पण लांबून आल्यासारखं. वैदेहीचे हात मांडीवर होते. परत येताना विक्रांतनं खडीचाच रस्ता धरला, आणि थांबला तो शेडशी आल्यावरच.

निघायची वेळ झाली. तो बाबालालांच्या पाया पडला. त्यांनी पाठीवर थाप मारली. मग तो दार उघडून बसायला गेला, आणि बसता बसता नट आवळायचा उस्तादांचा पाना हळूच सीटखाली सरकवायला लागला.

बाबालालांनी खिडकीतून हात पुढं केला. तळवा उघडा.

विक्रांतनं त्या हाताकडं पाहिलं. वैदेहीकडं पाहिलं. मग पाना काढून उस्तादांच्या हातात दिला.

"उस्ताद," तो म्हणाला, "घाटात सैल वाटलं तर?"

"वाटंल," बाबालाल म्हणाले. "जा."